दुकानात फिल्म कॅमेरा हाताळून घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साताऱ्यापासून मिरजेपर्यंतचे वाचक जुना फिल्म कॅमेरा घेण्याआधी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. काउंटरवर उभं राहून, रोल न घालता, वीसेक मिनिटांत काय काय तपासता येतं यावर भर आहे. जे रोल घातल्याशिवाय कळतच नाही, त्यासाठी प्रश्न १४ पाहा.

१. आमच्याकडे असे कॅमेरे हाताळायला मिळतात का, की थेट मुंबईच गाठायची?

नवे फिल्म कॅमेरे काउंटरवर मांडणारं दुकान जिल्ह्याच्या गावी सापडणं अवघड. जुने मात्र मिळतात. दोन-तीन पिढ्या चाललेले फोटो स्टुडिओ, कॅमेरा-फ्लॅश दुरुस्त करणारे कारागीर आणि फोटोग्राफीचा माल विकणारी जुनी दुकानं, अशा तीन ठिकाणी चौकशी करा. लग्नाच्या कामातून बाजूला पडलेले यशिका मॅट-१२४जी, पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१० आणि घरगुती वापरातले यशिका इलेक्ट्रो ३५, कोडॅक केबी१०, ॲग्फा क्लिक थ्री हे साधारण भेटणारे कॅमेरे. बाहेर पाटी नसते. विचारलं की कपाटातून निघतात.

मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारात निवड कितीतरी जास्त आहे. तरी पहिला कॅमेरा जवळ घ्यावा असं आमचं ठाम मत आहे. बिघाड बहुतेक वेळा पहिल्याच रोलला दिसतो, आणि तेव्हा दुकान हाकेच्या अंतरावर असलेलं बरं.

२. दुकानात जाताना सोबत काय न्यायचं?

सेल सर्वात आधी. दुकानात कॅमेरा असतो, सेल नसतो. एलआर४४ चे तीन-चार (घड्याळाच्या दुकानात मिळतात), ६ व्होल्टचा एक ४एलआर४४, आणि कॉम्पॅक्ट कॅमेरा बघणार असाल तर सीआर१२३ए व सीआर२. पेन्सिल सेलची एक जोडी असू द्या.

शिवाय एक वाया गेलेला ३५ मिमीचा रोल (मुदत संपलेला चालेल, तो फक्त आत फिरवून बघायला), ट्रेसिंग पेपरची पट्टी, साधी चिकटपट्टी, भिंग, केबल रिलीज (कॅमेऱ्याला हात न लावता खटका दाबायची तार) आणि मऊ फडकं. टॉर्च आणि स्लो मोशन व्हिडिओ मोबाइलमध्ये असतातच.

३. दुकानदार कॅमेरा उघडू देतील का? काय विचारायचं आणि काय करायचं नाही?

वेळ निवडून गेलात तर बहुतेक जण देतात. लग्नसराईत आणि शाळा सुरू होताना पासपोर्ट फोटोंची रांग असते तेव्हा जाऊ नका; दुपारी तीननंतर स्टुडिओ निवांत असतो. "काका, मागचं झाकण उघडून बघू का?" एवढं आधी विचारावं.

झाकण उघडण्याआधी आत रोल नाही ना, ते बघा. रिवाइंडची कळ बाणाच्या दिशेने हलकेच फिरवा. ती मोकळी फिरली तर आत काही नाही. ताण लागला की थांबा (प्रश्न १६). शटरच्या पडद्याला आणि आरशाला बोट लावायचं नाही, फुंकरही मारायची नाही, कारण थुंकीचा कण आरशावर डाग पाडतो. लिव्हर किंवा कडं अडलं तर जोर देऊ नका, कॅमेरा दुकानदाराच्या हातात द्या. सेल्फ-टायमर आम्ही दुकानात कधीच लावून बघत नाही. जुन्या लीफ शटरमध्ये (लेन्समध्येच पात्यांचं शटर असतं ते) तो अर्ध्यात अडकतो आणि मग खटकाच दाबला जात नाही.

४. सेल नसेल तर कॅमेरा चालतोय की मेलाय हे कसं ओळखायचं?

आधी कॅमेऱ्याची जात कळली पाहिजे. पेंटॅक्स के१०००, निकॉन एफएम१०, एफएम२, झेनिट, यशिका मॅट यांचं शटर यांत्रिक असतं. सेलविना सगळे वेग चालतात, फक्त मीटर (उजेड मोजणारा भाग) बंद राहतो. कॅनन एई-१ आणि मिनोल्टा एक्स-७०० सेलविना खटकाच सोडत नाहीत, म्हणून "सेल नाही हो, पण चालू आहे" या आश्वासनावर ते घेऊ नयेत. यशिका इलेक्ट्रो ३५ मधला आहे: सेलविना खटका पडतो, पण एकाच, सुमारे १/५०० च्या वेगाने.

ऑलिंपस ट्रिप ३५ ला सेल लागतच नाही, मीटर सेलेनियमचा, म्हणजे उजेडावरच चालणारा. कडं 'ए' वर ठेवा, लेन्सभोवतीची जाळीदार काच तळहाताने झाका आणि खटका दाबा. व्ह्यूफाइंडरमध्ये लाल पट्टी वर आली आणि खटका अडला, तर मीटर जिवंत आहे. अंधारातही खटका पडला, तर सोडून द्या.

सेलचा कप्पा उघडून बघाच. हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड वरवर असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या काडीने निघते. पण गळती तारेतून आत शिरलेली असू शकते. नवा सेल घालूनही दिवा किंवा काटा हलला नाही, तर तेच झालं असं समजा.

५. रोल न घालता शटरचे वेग बरोबर आहेत का हे कसं तपासायचं?

हा सर्वात जास्त येणारा प्रश्न. याची तपासणी तीन टप्प्यांत होते.

पहिला टप्पा कानाचा. १ सेकंदाला लावून खटका दाबा. आतला गिअर एकसारखा किरकिरत जाऊन ठाम आवाजात थांबला पाहिजे. मधेच मंदावला, रेंगाळला, तर तेल वाळलं आहे. बंद कपाटात वर्षानुवर्षं पडलेल्या कॅमेऱ्यात हे नेहमीचंच, आणि साफसफाईने सुटतं. मग १/२, १/४ असं वर जात प्रत्येक वेगाला आवाज आखूड होतो का ते ऐका. दोन वेग सारखेच वाजले तर त्यातला एक चुकतोय.

दुसरा टप्पा मोबाइलचा. मागचं झाकण उघडा, लेन्स काढा किंवा पूर्ण उघडी ठेवा, कॅमेरा दाराकडच्या उजेडाकडे धरा आणि मागून सेकंदाला २४० चौकटींचा स्लो मोशन व्हिडिओ घ्या. उजेड दिसणाऱ्या चौकटी मोजा: १/३० ला ८, १/१५ ला १६, १/८ ला ३०. आठच्या जागी दहा आल्या तर फरक एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), निगेटिव्हला काही कळत नाही. सोळा आल्या तर पूर्ण एक स्टॉप. ट्यूब किंवा एलईडीच्या उजेडात हे करू नका, दिव्याची लुकलुक मोजणी बिघडवते. काही मोबाइल मधल्या चौकटी स्वतःच बनवून घालतात. घड्याळाच्या सेकंदकाट्याचा व्हिडिओ घेऊन चौकटी खऱ्या आहेत का, ते घरीच पडताळून जा.

तिसरा टप्पा डोळ्याचा, वरच्या वेगांसाठी. १/५०० आणि १/१००० ला मोबाइल कामाचा नाही, कारण त्याचा सेन्सर ओळीओळीने वाचतो आणि चांगल्या शटरलाही तिरकी पट्टी दाखवतो. झाकण उघडं ठेवून उजळ आभाळाकडे बघत खटका दाबा. क्षणभर पूर्ण आयत पांढरा चमकला पाहिजे. एक कड काळी राहिली, तर दुसरा पडदा पहिल्याला गाठतोय आणि फोटोची ती बाजू कायम काळी येणार. हा दोष १/१००० लाच असेल आणि किंमत उतरत असेल तर घ्यायला हरकत नाही, १/५०० पर्यंत वापरायचा. १/१२५ लाच दिसला तर नको.

फ्लॅशचीही तपासणी याच स्थितीत होते. फ्लॅश जोडून १/६० ला लावा आणि मागून बघत खटका दाबा: लखलखाट पूर्ण चौकटीत गोल किंवा चौकोनी दिसला तर सिंक (फ्लॅश आणि शटरची वेळ जुळणं) बरोबर आहे.

६. लेन्समध्ये बुरशी दिसते. किती चालते?

महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडून आलेला कॅमेरा असेल तर बुरशी आहेच असं धरून बघा. लेन्स पूर्ण उघडी ठेवून मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, समोरून डोकवा. कडेला दोन-चार कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे असतील तर फोटोत दिसत नाहीत. संपूर्ण काचेवर दुधी पापुद्रा असेल तर जास्त नुकसान होतं: उन्हाकडे तोंड करून काढलेला प्रत्येक फोटो फिका येतो. कडेला इंद्रधनुषी रंगाचा पट्टा दिसला, तर दोन काचांमधला डिंक सुटतोय. आपल्याकडे तो कुणी दुरुस्त करत नाही.

पुढच्या काचेवरच्या बारीक ओरखड्यांना घाबरू नका. मागच्या काचेवरचा एक ओरखडा त्याहून वाईट.

ॲपर्चरच्या (लेन्समधल्या उजेडाच्या भोकाच्या) पाती एफ १६ ला नेऊन बघा. त्यावर तेलाची चमक असेल आणि एसएलआरच्या (आरशातून लेन्समधूनच दृश्य दाखवणाऱ्या कॅमेऱ्याच्या) लेन्सची मागची कळ सोडल्यावर पाती झटकन न मिटता सावकाश येत असतील, तर प्रत्येक फोटो जास्त उजेडाचा येईल.

७. फोकस बरोबर लागतो का, हे दुकानाच्या पायरीवर कसं कळणार?

लांबची वस्तू पाहिजे. साताऱ्यात अजिंक्यताऱ्यावरचा टीव्ही टॉवर शहरातून जवळपास कुठूनही दिसतो. सांगली सपाट, तिथे घाटावरून आयर्विन पुलाचं पलीकडचं टोक किंवा रस्त्याच्या शेवटचा मोबाइल टॉवर घ्या. लेन्स अनंतावर फिरवा. रेंजफाइंडर (दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा) असेल तर मधल्या पिवळट चौकोनातल्या दोन प्रतिमा एकमेकींवर बरोबर बसल्या पाहिजेत. आडव्या अंगाने सरकलेल्या असतील तर सोपी दुरुस्ती, पण एक वर एक खाली असेल तर कारागिराला वरचं झाकण उघडावं लागतं.

आणखी पक्की तपासणी ट्रेसिंग पेपरची. फिल्म जिथून जाते त्या दोन रुळांवर पेपर ताणून चिकटवा, शटर 'बी' वर (खटका दाबून धरेपर्यंत उघडं राहतं ती जागा) केबल रिलीजने उघडं ठेवा, लेन्स सर्वात मोठ्या ॲपर्चरला. टॉवर पेपरवर उलटा उमटतो. भिंगातून बघा: व्ह्यूफाइंडरमध्ये स्पष्ट असताना पेपरवरही स्पष्ट हवा. यशिका मॅटसारख्या दोन लेन्सच्या कॅमेऱ्यात ही तपासणी टाळू नका. कधीतरी कुणी वरची लेन्स साफ करायला काढून वेगळ्याच ठिकाणी बसवलेली असते, आणि काचेत सुरेख दिसणारा फोटो निगेटिव्हवर पुसट येतो.

८. लाइट मीटर बरोबर सांगतो का?

निरभ्र दुपारी उन्हात उभे राहा. आयएसओ (फिल्मची उजेडाला संवेदनशीलता) ४०० ला एफ १६ आणि १/५०० हा अंदाज धरून, उन्हातल्या साध्या राखाडी रस्त्यावर मीटर रोखा. एका स्टॉपपर्यंतचा फरक चालतो, आणि तोच फरक सावलीतही तेवढाच राहिला तर आणखी बरं: आयएसओची चकती तेवढी फिरवून ठेवली की काम भागतं. उन्हात बरोबर आणि सावलीत दोन स्टॉप चुकणारा मीटर मात्र निरुपयोगी.

यशिका मॅट-१२४जीसारखे काही कॅमेरे पाऱ्याच्या १.३५ व्होल्टच्या सेलवर बेतलेले आहेत. ते सेल आता मिळत नाहीत. तिथे १.५ व्होल्टचा घातला तर मीटर चुकतो. कानाच्या यंत्राचा ६७५ नंबरचा झिंक-एअर सेल साधारण १.४ व्होल्ट देतो. तो आकाराने लहान असल्याने भोवती रबरी कडं लागतं, आणि चिकटपट्टी काढल्यावर एक-दोन महिन्यांत संपतो. स्वस्त असतो, दर वेळी नवा घाला. के१००० ला बंद करायची कळच नाही, लेन्सला झाकण लावलं की मीटर शांत होतो; उघडा राहिलेला असेल तर सेल उतरलेलाच मिळेल.

९. झाकणाच्या खोबणीतला स्पंज काळा चिकट झालाय. सोडून द्यावा का?

नाही. चाळीस वर्षांच्या कॅमेऱ्यात तो असा होणारच. आयसोप्रोपिल अल्कोहोल (मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे असतं) आणि लाकडी काडीने खरवडून दीड-दोन मिमी जाडीचा नवा स्पंज लावता येतो, तासाभराचं काम. किमतीत मात्र धरा. एसएलआरमध्ये आरसा वर आदळतो तिथेही एक पट्टी असते. तिचा चिकटा फोकसिंग काचेवर पडला असेल तर दुकानात पुसायला जाऊ नका, काचेवर कायमचा माग राहतो.

१०. यशिका इलेक्ट्रो ३५ घेताना लिव्हरचा "टक" आवाज ऐका म्हणतात, तो कसला?

१९६६ पासूनच्या या मालिकेत खटक्याच्या दांड्याखाली एक रबरी गादी आहे. लिव्हर ओढताना दांडा वर येतो आणि गादी शाबूत असेल तर स्पष्ट "टक" ऐकू येतं. रबराचा चुरा झाला की आवाज जातो आणि कॅमेरा वेग चुकवू लागतो. दिवे लागतात, खटका पडतो, वरून सगळं ठीक दिसतं, म्हणून लोक फसतात.

मूळ सेल ५.६ व्होल्टचा पाऱ्याचा. आता ६ व्होल्टचा ४एलआर४४ ॲडॉप्टरमध्ये बसवतात. सेल घालून मागचं बटण दाबा, तपासणीचा दिवा लागला पाहिजे. मग एफ १६ ला ठेवून सेन्सरवर बोट धरा आणि खटका अर्धा दाबा: पिवळा दिवा, आणि पूर्ण दाबल्यावर शटर लांबवर उघडं. एफ १.७ ला आणून आभाळाकडे रोखा: लाल दिवा. दोन्ही झालं आणि "टक" ऐकू आलं, तर कॅमेरा घेण्यासारखा आहे.

११. झोर्की, फेड, झेनिट: सोव्हिएत कॅमेरे हाताळताना काही वेगळं?

एकच गोष्ट, पण महत्त्वाची. झोर्की आणि फेडमध्ये वेगाची चकती नेहमी रोल ओढल्यानंतरच फिरवायची. आधी फिरवली तर आतली खूण चुकते, कधी यंत्रणाच मोडते. दुकानदाराने आधी फिरवली असेल तर ओढून पुन्हा लावून बघा. कापडी पडद्याला छिद्रं पडलेली असतात, कारण लेन्स उघडी ठेवून उन्हात ठेवला की सूर्य पडदा जाळतो. लेन्स काढून मागून टॉर्च लावा, समोरून अंधाऱ्या कोपऱ्यात बघा. ताऱ्यासारखा ठिपका दिसला तर छिद्र.

झेनिट-ईमध्ये १/३० च्या खाली फक्त 'बी' आहे, त्यामुळे हळू वेग सापडले नाहीत म्हणून बिघडलाय असं समजू नका.

१२. मोठ्या रोलच्या कॅमेऱ्यांत काय बघायचं? क्लिक थ्रीला आज रोल मिळतो का?

मिळतो. बडोद्याला बनलेले ॲग्फा क्लिक थ्री आणि आयसोली हे १२० च्या रोलचे आहेत: क्लिक थ्रीवर १२ फोटो, आयसोलीवर ४×४ सेंमीचे १६. यशिका मॅटलाही १२०, फोटो १२. आत रिकामी रीळ आहे ना ते आधी बघा, तिच्याशिवाय रोल गुंडाळायला जागाच नाही. मॅट-१२४जीच्या मागच्या दाबपट्टीची जागा '१२०' वर हवी, '२२०' वर राहिली असेल तर फिल्म जास्त आवळली जाते. लाल काचेची खिडकी असणाऱ्या कॅमेऱ्यात तिचं झाकण बसतं का तेही बघा, नाहीतर आजच्या रोलवर त्या जागी उजेडाचा गोल उमटतो.

रोलच मिळत नाही म्हणून टाळायचे कॅमेरे: १२६ ची कार्ट्रिज आणि एपीएस (२०११ पासून बनत नाही). ६२० चे कॅमेरे वापरता येतात, पण १२० चा रोल अंधारात ६२० च्या बारीक रिळावर पुन्हा गुंडाळावा लागतो.

१३. ऑटोमॅटिक कॉम्पॅक्ट चालू होतो, लेन्स बाहेर येते. एवढं पुरे का?

पुरे नाही. यातले बरेच कॅमेरे आत रोल असल्याशिवाय पूर्ण चालत नाहीत, म्हणून वाया गेलेला रोल (प्रश्न २) इथे लागतो. रोल घाला: स्वतः पुढे जातो का, आकडा १ येतो का, झाकण उघडण्याआधी रिवाइंडचं बारीक बटण टोकदार वस्तूने दाबल्यावर रोल पूर्ण परत येतो का. अर्ध्यात मोटर थांबली तर नको. फ्लॅशची शिट्टी ऐका आणि दिवा किती वेळात लागतो ते बघा. असा कॅमेरा स्वतः उघडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास साठा असतो आणि तो सेल काढल्यावरही टिकतो. या कॅमेऱ्यांचे सुटे भाग मिळत नाहीत, म्हणून बिघडला की संपला हे धरूनच किंमत द्या.

१४. टेस्ट रोलसाठी दुकानदाराशी काय ठरवायचं, आणि तो रोल कसा मारायचा?

"चालला नाही तर परत" हे तोंडी न ठेवता बिलावर, कॅमेऱ्याच्या सीरियल नंबरसकट लिहून घ्या. मुदत सात दिवसांची दिली तर पंधरा मागा. रोल धुवायला बाहेरगावी जाणार असेल (प्रश्न १५) तर सात दिवसांत निकाल हातात येत नाही, आणि हीच गोष्ट सांगितली की दुकानदारालाही पटते.

रोल मारताना वही जवळ ठेवा. उन्हातली एकच भिंत, आयएसओ ४०० चा रोल: एफ ११ ला १/१०००, एफ १६ ला १/५००, एफ २२ ला १/२५०. तिन्ही चौकटी सारख्याच गडद आल्या पाहिजेत. नंतर एक मीटरवर तिरकी धरलेली मोजपट्टी, पूर्ण उघड्या ॲपर्चरला. एक फोटो अनंतावर, एक फ्लॅशचा. मग लेन्सला झाकण लावून कॅमेरा सगळ्या बाजूंनी दोन-दोन मिनिटं उन्हात धरा, आणि झाकण न काढता खटका दाबून पुढे ओढा. उजेड कुठून शिरत असेल तर तिथली चौकट सांगेल. लॅबकडून निगेटिव्ह परत मागा. दोन चौकटींमधलं अंतर सारखं आहे का हे स्कॅनमध्ये दिसत नाही.

१५. रोल धुणार कुठे? आणि स्वस्त सिनेमाचा रोल टेस्टसाठी चालेल का?

जवळच्या स्टुडिओत विचारा, ते स्वतः धुतात की पुढे पुण्या-मुंबईला पाठवतात. पाठवणं वाईट नाही, फक्त वेळ धरा. कापून भरलेल्या सिनेमाच्या रंगीत फिल्मला पाठीवर काजळीचा थर असू शकतो. तो न काढता नेहमीच्या सी-४१ मध्ये (रंगीत निगेटिव्ह धुण्याची पद्धत) टाकला तर लॅबचं रसायन आणि इतरांचे रोल दोन्ही खराब होतात. लॅबला आधी सांगा, नाहीतर टेस्टला साधा सी-४१ किंवा ब्लॅक अँड व्हाइट रोलच घ्या.

१६. दुकानातल्या कॅमेऱ्यात कुणाचा तरी अर्धवट रोल निघाला. काय करायचं?

झाकण उघडू नका. ३५ मिमीचा असेल तर तळाचं बटण दाबून ताण सुटेपर्यंत रिवाइंड करा. १२० चा असेल तर शेवटपर्यंत पुढे गुंडाळा आणि कागदाची पट्टी चिकटवा. मग तो दुकानदाराच्या हाती द्या. कॅमेरा कुणाच्या घरातून आला हे बहुधा त्यांना आठवतं, आणि त्या घरासाठी आतले फोटो कॅमेऱ्याहून मोलाचे असू शकतात. जुना रंगीत रोल ब्लॅक अँड व्हाइट म्हणून धुतला तर काहीतरी हाती लागण्याची शक्यता जास्त, हे त्यांना सांगा.

१७. पुराच्या पाण्यात गेलेला कॅमेरा कसा ओळखायचा?

सांगलीत हा प्रश्न खराच महत्त्वाचा. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात कृष्णेचं पाणी बाजारपेठेत आणि घरांत शिरलं, आणि त्यातून निघालेलं सामान पुसून-वाळवून विकायला येतं. बाहेरून चकचकीत दिसतो, म्हणून पाणी जिथे मुरतं तिथे बघा: तळाच्या स्क्रूच्या खाचा, ट्रायपॉडचं भोक, वर फ्लॅश बसवायच्या खाचेची पट्टी, रिवाइंडच्या कळीखालची जागा. भिंगातून पिवळट बारीक गाळ दिसतो. वरचं कातडं कडेला फुगलेलं किंवा नव्याने चिकटवलेलं असतं, आणि त्याखालून ॲल्युमिनियमची पांढरी पूड निघते. रिवाइंडची कळ वर ओढून दांड्याचा गंज बघा. व्ह्यूफाइंडरच्या आत काचेवर पाण्याची सरळ रेघ राहिलेली असेल तर दुसरा पुरावा नको.

असा कॅमेरा आज चालत असला तरी स्प्रिंगा आतून गंजत राहतात. शटर-मीटर दोन्ही तपासणीत पास झाले तरी वापरण्यासाठी घेऊ नका. सुट्या भागांसाठी, लेन्स स्वच्छ असेल तर फक्त लेन्सच्या किमतीत, मागायला हरकत नाही.